नकाशावरच्या दोन तुटक रेघा

आजोबांच्या संदुकीत आमच्या गावाचा नकाशा असायचा. कापडावर चिकटवलेला, घड्यांवर विरलेला. उन्हाळ्यात बांधबंदिस्तीची कामं निघाली की ते तो ओसरीवर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवायचे आणि आम्हा पोरांना हाक मारायचे. ‘‘दोन तुटक रेघा दिसल्या की गाडीवाट समजायची. एकच तुटक रेघ असली की पायवाट. ध्यानात ठेवा रे. जमीन वाटली जाते, वाट वाटली जात नसते.’’ वसमत तालुक्यातलं आमचं गाव त्या रेघांवरून मी पहिल्यांदा नीट पाहिलं. नदीकडं जाणारी वाट, शेजारच्या गावच्या शिवेला लागून पळणारा शिवरस्ता, मळ्याकडं वळणारी पाणंद.

पुढं नोकरीच्या निमित्तानं गाव सुटलं. मग एका उन्हाळ्यात बहिणीकडं इंग्लंडला गेलो. ती ब्रायटनला राहते. तिच्या घरामागं साउथ डाउन्स नावाच्या टेकड्यांची रांग आहे आणि त्या रांगेच्या माथ्यावरून विंचेस्टर ते ईस्टबोर्न अशी १६० किलोमीटरची वाट जाते. भाड्यानं माउंटन बाइक घेऊन मी त्या वाटेवर दोन दिवस फिरलो. पांढऱ्या खडूच्या मातीची वाट, दोन्ही बाजूंना मेंढ्यांची कुरणं, खाली दरीत दगडी चर्च असलेली गावं. पण मला खरं धरून ठेवलं ते कुंपणाच्या फाटकाशी असलेल्या एका लाकडी खांबानं. त्यावर निळा बाण होता. पिवळा बाण असेल तर फक्त पायी जायचं. निळा असेल तर पायी, घोड्यावर किंवा सायकलवरही. जमीन एखाद्या शेतकऱ्याची, वाट मात्र सगळ्यांची. घोड्यांच्या या वाटांवर सायकलला हक्क मिळाला तो १९६८ च्या कायद्यानं. मी त्या खांबाशी उभा राहिलो आणि मला आजोबांच्या वाट्या आठवल्या. निळा बाण आणि दोन तुटक रेघा, गोष्ट एकच सांगत होत्या.

तेव्हाच ठरवलं, आपल्या जिल्ह्यात अशीच एक फेरी करायची. हिंगोलीहून निघायचं, नर्सी, सिद्धेश्वर, औंढा करत वसमतला पोचायचं, आणि होता होईल तो डांबरी सडक टाळून गाडीवाटांनीच जायचं. माझा पुतण्या परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकतो. तो म्हणाला, ‘‘काका, मीपण येतो. पण पावसाळ्यात नको, काळ्या मातीत चाक फिरणार नाही. आणि मे महिन्यात तर अजिबात नको.’’ म्हणून महाशिवरात्र होऊन चार दिवस झाल्यावर, फेब्रुवारी सरताना, आम्ही दोघं दोन सायकली घेऊन हिंगोलीला उतरलो.

हिंगोली जिल्हा वयानं तरुण आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून तो वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव असे पाच तालुके. नकाशावर लहान दिसतो, पण सायकलवरून पाहिला की त्याची घडण कळते. उत्तरेकडून येणारी कयाधू, पश्चिमेकडून येणारी पूर्णा, दोघींच्या मधे औंढ्याचे बुटके डोंगर, आणि सगळीकडं लाटांसारखी वर-खाली होणारी जमीन. माथ्यावर मुरमाड माळ, उतरणीवर तूर आणि कापसाचे फण, तळाला काळी कसदार जमीन आणि ओढा. एक लाट उतरायची, ओढा ओलांडायचा, दुसरी चढायची. दिवसभर हेच.

पहाटे साडेपाचला निघालो. गाव मागं पडलं आणि पहिली गाडीवाट सापडली ती एका वडाच्या झाडाशी. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवताचा पट्टा. सायकल चाकोरीत घातली की ती आपोआप सरळ चालते, पण पायडल कडेच्या मातीला घासू नये म्हणून लक्ष ठेवावं लागतं. चाकोरीतली माती हजार वेळा चेपून गुळगुळीत झालेली असते. मधल्या पट्ट्यात दव होतं. हरभरा काढून झाला होता, खळ्यांवर भरडलेल्या घाट्यांचे ढीग होते. गहू पिवळा पडून उभा होता. आणि बांधाबांधावर पळस फुलला होता. एकही पान नाही, नुसती केशरी फुलं. सूर्य वर आला तेव्हा अख्खी रांग पेटल्यासारखी दिसू लागली.

नर्सी कयाधूच्या काठावर आहे. फेब्रुवारीत नदीची धार बारीक झालेली असते, डोहांत तेवढं पाणी उरतं. एका उथळ जागी आम्ही सायकली खांद्यावर घेऊन नदी ओलांडली. १२७० साली इथंच नामदेवांचा जन्म झाला अशी परंपरा आहे, आणि गावाच्या नावाला त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. मंदिरात सकाळची आरती संपत आली होती. एक पांढऱ्या फेट्याचे आजोबा सायकलीकडं पाहत म्हणाले, ‘‘कुठून आलात म्हणायचं? हिंगोलीहून? सडकंनं आला असता तर लवकर आला असता.’’ मी म्हणालो, ‘‘बाबा, वाटेनंच यायचं होतं.’’ ते हसले. म्हणाले, ‘‘मग बरोबर गावाला आलात. नामदेव महाराज वाटेनंच गेले की पंजाबात.’’

ते खरंच आहे. नामदेव या कयाधूकाठावरून पंढरीला गेले, ज्ञानदेवांसोबत तीर्थयात्रेला गेले आणि पुढं उत्तरेत पंजाबातल्या घुमानपर्यंत पोचले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं. आजही आषाढीला नर्सीहून पालखी निघते आणि गावोगावचे शिवरस्ते ओलांडत पंढरपूरला जाते. आषाढी झाल्यावर वद्य एकादशीला नर्सीत परतवारी भरते. पंढरीहून परतलेला वारकरी इथं येऊन माथा टेकतो. या भागात वाट हा शब्द धर्माचाही आहे. चालणं हीच इथली पूजा. त्या आजोबांनी आमच्या बाटल्या भरून दिल्या, वर मूठभर चुरमुरे आणि फुटाणे दिले.

दुपारी सिद्धेश्वरकडं वळलो. इथून पुढं चढ लागला. मुरमाचा चढ म्हणजे डोंगरी सायकलची खरी परीक्षा. मागचं चाक घसरतं, पुढचं उचलतं. हलका गिअर टाकून, छाती हँडलवर आणून, चाकाचा दाब कमी ठेवून चढावं लागतं. त्यात येड्या बाभळीचे काटे. आम्ही टायरमध्ये आतून चिकटद्रव घातला होता, तरी पुतण्याच्या चाकातून मी पहिल्या दिवशी नऊ काटे उपटले. प्रत्येक काटा काढला की पांढरा थेंब बाहेर यायचा आणि भोक आपोआप बुजायचं.

वर माथ्यावर बसलो तेव्हा पुतण्यानं मुठीत मुरूम घेतला आणि म्हणाला, ‘‘काका, तुमच्या इंग्लंडच्या टेकडीची माती पांढरी होती ना? ती समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांची. ते युग संपत होतं तेव्हा इकडं लाव्हा फुटला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. त्याचाच हा दगड, आणि तो कुजून खालची काळी माती.’’ मी त्या मुरमाकडं पाहिलं. दोन मुलखांतल्या दोन वाटा, एक पांढरी, एक काळी, आणि दोन्ही एकाच युगाच्या शेवटाशी जाऊन पोचतात. पुतण्या शिकतोय याचा त्या क्षणी मला फार आनंद झाला.

खाली सिद्धेश्वर धरणाचं पाणी पसरलं होतं. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी ही दोन धरणं. येलदरीत वीज होते, आणि सिद्धेश्वरहून निघालेले कालवे वसमतच्या काळ्या रानात पाणी नेतात. त्या रात्री आम्ही धरणापासून दोन-तीन किलोमीटरवर एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर उतरलो. आमच्याकडं शेतातल्या वस्तीला आखाडा म्हणतात. जिल्ह्यात आखाडा बाळापूर नावाचं मोठं गावच आहे. पत्र्याचं छप्पर, पुढं गोठा, बाजूला कडब्याची गंजी. आम्ही फक्त पाणी मागायला थांबलो होतो. घरातल्या बाई म्हणाल्या, ‘‘आता अंधार झाला. काहून जाता पुढं? पिठलं टाकते, दोन भाकरी खा अन् इथंच टेका.’’ ज्वारीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा, वरून कांदा. चुलीपुढं जेवताना घरधनी एक गोष्ट बोलले ती पूर्ण प्रवासभर माझ्या मनात राहिली.

‘‘तुम्ही हौसेनं वाटा धुंडता. आमाला वाट हाये कुठं? नकाशावर हाये. रानात नाही. पलीकडच्या शेताचा माल काढायचा म्हटलं तर दुसऱ्याच्या उभ्या पिकातून जावं लागतं. सोयाबीन असली तर एक हजार मोजायचे, ऊस असला तर विचारूच नका. पाऊस पडला की डोक्यावर पोतं.’’

पुतण्यानं विचारलं, ‘‘वाट गेली कुठं मामा?’’

‘‘जातेय कुठं? दरसाल एक तास नांगर पुढं सरकतो. यंदा एक तास, पुढच्या साली एक. याचा बी सरकतो, त्याचा बी सरकतो. दहा-वीस वर्षांत गाडीवाटेची पायवाट झाली अन् पायवाटेचा बांध.’’

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तीन भावांत आठ एकर जमीन वाटली गेली की नांगराचं एक तासही मोलाचं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. बैलगाडी होती तेव्हा वाट रोजच्या वापरानं जिवंत होती, ती आपली जागा आपणच राखायची. ट्रॅक्टर आला, मोटारसायकल आली, माणसं सडकेकडं ओढली गेली आणि वाट एकटी पडली. एकट्या पडलेल्या वाटेवर नांगर चालायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही हे स्वतः अनुभवलं. दुधाळ्याकडं जाताना फोनमधल्या नकाशावर आणि जुन्या गावनकाशावर दोन्हीकडं वाट होती. प्रत्यक्षात दीड किलोमीटरवर ती एका नांगरटीत संपली. मोठमोठी ढेकळं, त्यात सायकल ढकलत अर्धा तास गेला. बांधावर शेळ्या राखणाऱ्या एका आजींनी दुरूनच ओरडून सांगितलं, ‘‘इकडून नका येऊ बाळा, तिकडून लिंबाच्या झाडाखालून या, आमी बी तिकडूनच जातो.’’ त्या गावाची खरी वाट आता त्या आजींच्या डोक्यात होती, कागदावर नाही.

दुधाळा हे औंढा तालुक्यातलं गाव जगाच्या नकाशावर एका वेगळ्याच कारणानं आलं. गुरुत्वलहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेसाठी हीच जागा निवडली गेली. २०१५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या लायगोनं पहिल्यांदा अशा लहरी टिपल्या, त्यानंतर केंद्र सरकारनं भारतातल्या वेधशाळेला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २६०० कोटी रुपयांचा. एकमेकींशी काटकोनात असलेल्या ४-४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आत निर्वात नळ्या आणि त्यांतून जाणारा लेझरचा किरण. दूर अवकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली तर त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो, आणि तो मोजायचा. इतक्या बारीक मापाला ट्रकची धडधड, रेल्वेची थरथर, कारखान्याची घरघर चालत नाही. म्हणून अशी शांत, स्थिर जमीन शोधत शास्त्रज्ञ इथवर आले. आम्ही बाहेरच्या वाटेवर उभे राहिलो. चाकं थांबली की चंडोलाचं गाणं आणि दुरून एका बैलाच्या गळ्यातली घंटा, एवढंच ऐकू येत होतं. मागास म्हणून या मुलखाची जी शांतता आपण वर्षानुवर्षं कमीपणाची मानली, तीच इथली सर्वांत मोलाची गोष्ट ठरली.

औंढ्याला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. महाशिवरात्रीची यात्रा नुकतीच उठली होती, रसवंत्या आणि खेळण्यांची दुकानं अजून आवरत होती. नागनाथाचं मंदिर यादवकालीन. खालचा दगडी भाग पाहत मी तासभर प्रदक्षिणा घातली. पायाशी हत्तींची रांग, वर देवता, यक्ष, नर्तकी. काही हत्तींच्या सोंडा तुटलेल्या, पण पाठीचा बाक अजून तसाच. वरचं शिखर नंतरच्या काळातलं, पांढरं. गाभारा तळघरात आहे, अरुंद जागेतून वाकून खाली उतरावं लागतं. इथला नंदी देवासमोर नाही, मागच्या बाजूला आहे. नामदेवांचं कीर्तन पुढच्या दारी नको म्हणून त्यांना मागं पाठवलं, तेव्हा देऊळच त्यांच्याकडं फिरलं, ही कथा इथलं लहान पोरही सांगतं. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांची कथाही याच गावाशी जोडलेली. नर्सी ते औंढा हा आम्ही केलेला पट्टा नामदेवांनी गुरूच्या शोधात चालून केला असणार, या विचारानं पायांतला शीण हलका झाला.

तिसऱ्या दिवशी डोंगर संपले. शिरड शहापूरला मल्लिनाथाचं दिगंबर जैन मंदिर पाहिलं आणि पुढं कॅनॉलच्या कडेच्या कच्च्या रस्त्याला लागलो. काय बदल म्हणावा! कालच्या माळावर बोरी आणि सीताफळी होत्या, आज दोन्ही हातांना केळी, ऊस आणि हळद. सपाट, सावलीची, सलग वाट. सायकलला याहून सुखाची जमीन नाही.

आणि वास. वसमत अजून दहा-बारा किलोमीटर असताना हळदीचा वास सुरू झाला. ओली माती आणि कापूर एकत्र केल्यासारखा. फेब्रुवारी-मार्च म्हणजे इथं हळद शिजवायचा हंगाम. पाला कापून कुदळीनं गड्डे काढलेले, बाया बसून गड्ड्यांपासून हळकुंडं मोडून वेगळी करत होत्या. हातांचे तळवे मनगटापर्यंत पिवळे. पलीकडं वाफेचा कुकर चालू होता. आतली हळद झाली की नाही हे पाहायला कुकरवाल्यानं एक हळकुंड काढलं आणि त्यात काडी टोचली. काडी सहज आत गेली. ‘‘झाली,’’ तो म्हणाला आणि झाकण उघडलं. वाफेच्या ढगात दोन मिनिटं कुणीच दिसेना. मग ताडपत्रीवर सोनेरी ढीग ओतला गेला.

बाजूच्या ताडपत्रीवर पंधरा दिवस वाळलेली हळद होती. त्यातलं एक हळकुंड मोडून एका बाईंनी माझ्या हातावर ठेवलं. मोडताना खणकन आवाज झाला. ‘‘असा आवाज आला की समजायचं वाळली. आता डोलात फिरवून पॉलिश करायची अन् मोंढ्यावर न्यायची.’’ हिंगोली आणि वसमतचा हळदीचा बाजार मोठा, आणि वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मी त्या बाईंना विचारलं, ‘‘माल सडकेपर्यंत कसा नेता?’’ त्यांनी मागच्या बाजूला बोट केलं. पाणंद होती. नव्यानं मुरूम टाकलेली, दोन गाड्या समोरासमोर निघतील अशी. ‘‘दोन साल झाले. गावानं बसून मोकळी केली. आधी हळद डोक्यावर काढायचो दादा, एक पोतं एक खेप.’’ त्यांच्या आवाजात त्या रस्त्याचं जे कौतुक होतं ते मला कोणत्याही मानांकनाहून मोठं वाटलं.

संध्याकाळी वसमतला पोचलो. मीटरवर तीन दिवसांचे ११८ किलोमीटर झाले होते. त्यांपैकी डांबरी सडक पाव हिश्शाहून कमी. घरी आल्यावर मी आजोबांची संदूक उघडली. नकाशा होता. ओसरीवर पसरला, चार वाट्या ठेवल्या आणि पुतण्याला बोलवलं. आमच्या शिवरस्त्यावर बोट ठेवलं तर तो म्हणाला, ‘‘काका, हा आता नाही. मागच्या नाल्यापर्यंत हाये, पुढं ऊस हाये.’’ तो ऊस आमच्याच भावकीतला होता. मी दुसऱ्या दिवशी चुलतभावाकडं गेलो आणि नकाशा त्याच्यापुढं ठेवला. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘‘ऊस तुटला की दगड लावू.’’

इंग्लंडमध्ये निळा बाण आहे, तो राखायला माणसं नेमलेली आहेत. आपल्याकडंही कायदा आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली अडवलेली वाट मोकळी करायला तहसीलदाराकडं दाद मागता येते, १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. तो घ्या. एखाद्या रविवारी घरातल्या पोरांना सोबत घ्या, सायकल असेल तर सायकल, नसेल तर पायी, आणि दोन तुटक रेघांवरून शिवेपर्यंत जाऊन या. जिथं रेघ आहे पण वाट नाही, तिथं थांबून त्या शेताच्या मालकाशी बोला. भांडायला जाऊ नका, नकाशा घेऊन जा. वाट वापरली तरच राहते.

आमच्या शिवरस्त्याचे दगड मार्चच्या अखेरीस लागले.